आम्हाला शाळेचा सलग आठवडा हवा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मी अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीत राहते आणि शेती करते. संगमनेरच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर इकडे आले. माझा मुलगा वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे, मुलगी चौथीला. शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असं लिहून ठेवलं, म्हणून माझ्यासारखीला शाळेत बसायचा, वह्या-रजिस्टरं बघायचा आणि वर जाब विचारायचा हक्क मिळाला. त्याच हक्काने हे पत्र लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. आमच्या शाळेला सलग आठवडा द्या. सोमवार ते शुक्रवार दोन्ही शिक्षक शाळेच्या पूर्ण वेळात वर्गात असावेत. एवढंच मागायला मंत्रालयापर्यंत पत्र कशाला, असं कोणालाही वाटेल. पण दोन शिक्षकांच्या शाळेत ही गोष्ट किती दुर्मीळ झाली आहे, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

शाळा दोन खोल्यांची आहे. पहिली ते चौथी, पट चाळीसच्या आत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं कायदा सांगतो, त्याप्रमाणे दोन आहेत. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. गुरुजींकडेच मुख्याध्यापकाचा कार्यभार. एका खोलीत दोन इयत्ता बसतात, त्यामुळे एका इयत्तेला शिकवताना दुसरीला काहीतरी काम देऊन ठेवावं लागतं. बाई हे फार छान करतात. पहिलीची मुलं पाटीवर ‘म’ आणि ‘भ’ गिरवत असतात, तेवढ्यात दुसरीच्या मुलांची काड्यांची मोजणी सुरू होते. मग दुसरीला गणितं देऊन बाई पुन्हा पहिलीकडे वळतात. मी कधी कधी मागच्या भिंतीला टेकून बघत बसते. हे सगळं दोन्ही शिक्षक जागेवर असताना चालतं.

आमच्या शाळेचा सोमवार परिपाठापासून ओळखू येतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका हे रोजचंच. पण सोमवारी बातम्या जास्त असतात. चौथीची मुलं वर्तमानपत्रातली एक बातमी वाचतात आणि मग बाई विचारतात, “आता आपल्या वाडीची बातमी कोण सांगतं?” कोणाची गाय व्याली, कोणाची मोटार जळाली, कोणाच्या मामाकडे लग्न झालं, पाणी कुठे आटलं. बरीच मुलं ठाकर समाजाची आहेत, घरी त्यांची बोली वेगळी. पहिलीत आलेलं मूल जूनमध्ये तोंड उघडत नाही. ते पहिल्यांदा बोलतं ते या सोमवारच्या बातम्यांत, आणि स्वतःच्या बोलीत. बाई थांबवत नाहीत, चूक काढत नाहीत. पूर्ण ऐकून घेतात आणि तीच बातमी पुस्तकी मराठीत फळ्यावर लिहितात. मुलगा आपलं वाक्य फळ्यावर बघतो. वाचायला शिकायची सुरुवात तिथे होते, असं माझं मत झालं आहे.

त्याच आठवड्यात दुसरीचं गणित कसं पुढे सरकतं तेही सांगते, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. सोमवारी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचे. तीन गठ्ठे आणि चार सुट्या म्हणजे चौतीस. मुलांना हे आवडतं, रबर लावायला भांडतात. मंगळवारी तेच गठ्ठे सोडायचे. चौतिसातून सोळा काढायचे आहेत आणि सुट्या काड्या चारच आहेत, मग एक गठ्ठा सोडा. हातच्याची वजाबाकी म्हणतात ती हीच. बुधवारी काड्या बाजूला ठेवून तेच वहीत. गुरुवारी आमच्याकडे बाजार असतो. आया बाजाराला जातात, मोठी मुलं लहान भावंडांना सांभाळायला घरी राहतात, हजेरी कमी होते. बाईंना हे माहीत आहे, म्हणून त्या दिवशी नवीन काही घेत नाहीत. वांगी, मिरची, साबण यांची गणितं घेतात आणि पोरं दुकान मांडतात. शुक्रवारी सगळ्यांची उजळणी. “एकोणसाठ लिही” म्हटलं की साठ ऐकून ६९ लिहिणारं मूल दर वर्षी असतं. ते शुक्रवारपर्यंत ५९ लिहायला लागतं.

यातला मंगळवार काढून घ्या. गठ्ठे बांधले आणि सोडले नाहीत. बुधवारी बाई परत आल्या तरी त्यांना सोमवारपासून सुरू करावं लागतं, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात नवी गोष्ट एका रात्रीपुरतीच तग धरते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हाताखालून गेली तर रुजते. आमच्याकडे भाताची आवणी झाली की पहिले काही दिवस खाचरात पाणी हलू देत नाहीत, रोपाने मूळ धरेपर्यंत बांध राखतात. शिकण्याला तसेच राखलेले दिवस लागतात. वर्षाच्या शेवटी कामाचे दिवस पूर्ण भरले म्हणून ते तुटलेले आठवडे जुळत नाहीत.

आता आठवडा तुटतो कसा, ते सांगते. कोणी कामचुकार आहे म्हणून नव्हे. आमचे दोन्ही शिक्षक वेळेवर येतात, मुलांना जीव लावतात, आवणीच्या दिवसांत घरोघरी जाऊन मुलं गोळा करतात. आठवडा तुटतो तो वरून येणाऱ्या कामांनी. सकाळी अकराच्या सुमारास गुरुजींच्या मोबाइलवर गटात निरोप येतो. वर ‘तात्काळ’ लिहिलेलं असतं आणि खाली ‘आज दुपारी ४ पर्यंत’. कधी यू-डायसच्या शाळा-नोंदणीची माहिती, कधी आधारची जुळणी, कधी प्रत्येक मुलाचा अपार ओळख क्रमांक, कधी चाचणीचे प्रत्येक मुलाचे गुण, कधी लावलेल्या झाडाचे फोटो. वाडीत नेटवर्क धरत नाही. ते मिळतं टेकडीवरच्या मारुतीच्या ओट्यावर. गुरुजी तिसरीच्या पोरांना शुद्धलेखन देऊन टेकडी चढतात. लिंक उघडत नाही, ओटीपी येत नाही, आला तर वेळ संपलेली असते. तोवर खाली बाई चारही इयत्ता सांभाळत असतात. चार इयत्ता शिकवता येत नाहीत. फक्त सांभाळता येतात.

आधारचंच बघा. एका मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर त्याच नावाचं स्पेलिंग दुसरं. संगणकाला ते दोन वेगळ्या मुली वाटतात. मग बापाची मजुरी बुडते आणि गुरुजींचा वर्ग बुडतो, दोघं मिळून तालुक्याला. तिथे यंत्र बंद असलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मुलगी रोज शाळेत येते, फळ्यावर लिहिते, जेवते. तिच्या असण्याबद्दल आम्हा कोणाला शंका नाही. तिचं अस्तित्व सिद्ध करण्यात तिच्याच शिक्षणाचे दिवस जातात, हे मला सहन होत नाही.

याशिवाय प्रशिक्षणं आहेत, शिक्षण परिषदा आहेत, निवडणुकीची कामं आहेत. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. गुरुजी एकदा भाषेच्या प्रशिक्षणाहून आले ते चित्रांवरून गोष्ट तयार करायची नवी पद्धत घेऊन आले आणि तिसरीची मुलं त्यावर आठवडाभर खूश होती. पण ते प्रशिक्षण भर सत्रात, लागोपाठ शाळेच्या दिवसांत का, याचं उत्तर मला कोणी देत नाही. मोठ्या शाळेत दहातला एक शिक्षक गेला तर नऊ उरतात. आमच्याकडे एक गेला की निम्मी शाळा जाते. आदेश काढताना हा फरक कागदावर दिसत नाही. शाळा म्हणजे शाळा, असं धरून सगळ्यांना एकच पत्र जातं.

कायदा काय म्हणतो ते मी समितीसाठी वाचून काढलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास होतात. शिक्षकाने आठवड्याला ४५ तास द्यायचे, त्यात तयारीचा वेळही धरलेला. म्हणजे कायद्याने शिकवण्याच्या तासांसोबत तयारीलाही जागा ठेवली आहे. कलम २७ तर अगदी स्पष्ट आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुका, एवढी तीन कामं सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. निवडणुकीच्या कामाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगून ठेवलं आहे की मतदार यादी आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना द्यायचीच असतील तर ती सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्या. आपल्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांची कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला. म्हणजे कायदा आहे, न्यायालयाचा निकाल आहे, शासन निर्णय आहे. तरी गुरुजी टेकडीवर का? कारण वर्गवारीने काम कमी होत नाही. कामाला ‘शैक्षणिक’ म्हटलं की ते वर्गातल्या वेळात मागता येतं, एवढाच अर्थ खालपर्यंत पोचला आहे.

पोषण आहाराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ही योजना मला फार मोलाची वाटते आणि तिच्यामुळेही वेळ जातो. दोन्ही खरं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. आमच्या वाडीत सकाळी कोरा चहा पिऊन येणारी मुलं आहेत, त्यांच्यासाठी साडेबाराची घंटा ही शाळेची सगळ्यात महत्त्वाची घंटा. आमच्या मावशी मनापासून शिजवतात. महिन्याला अडीच हजार रुपये मानधनात त्या लाकडं, पाणी, चूल, भांडी सगळं बघतात. त्यांना आणखी मिळालं पाहिजे, हे या पत्रात नोंदवून ठेवते. पण तांदूळ मोजून देणं, डाळ-तेल-मसाला यांची रोजची नोंद, साठा रजिस्टर, चव रजिस्टर, रोज किती मुलं जेवली ती संख्या मोबाइलवरून कळवणं, हे काम शिक्षकाकडेच येतं. चव बघायला आम्ही पालक पाळीपाळीने जातो. तांदूळ मोजून द्यायचं कामही समितीतल्या बायकांनी घेतलं आहे. नोंदी मात्र गुरुजींच्याच सहीने लागतात.

आणि अंड्याचं काय झालं, साहेब? नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. त्या वारी हजेरीला आम्हाला घरोघरी जावं लागत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून द्या असं सांगितलं. आमच्या वाडीचा लोकसहभाग म्हणजे ज्यांच्या घरी अंडं विकून मीठ-मिरची येते त्याच बाया. मोठ्या गावात कोणी दाता मिळेल. इथे नाही मिळत. आठवड्याला एक अंडं हा राज्याच्या तिजोरीला जड जाणारा खर्च आहे, हे मला पटत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला त्याची किती गरज आहे ते मी रोज बघते.

२०२५ च्या उन्हाळ्यात, एप्रिलपासून, पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायची की नाही यावरून राज्यभर वाद झाला. जूनच्या शेवटी सरकारने ते निर्णय मागे घेतले आणि मला बरं वाटलं. घरी ठाकरी, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी, एवढ्यावरच आमच्या पहिलीचं मूल चाचपडत असतं. पण त्या सगळ्या वादात एक प्रश्न मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मराठीच्या ज्या तासिका आज वेळापत्रकात आहेत, त्यांतल्या किती प्रत्यक्ष होतात? वेळापत्रक आमच्या व्हरांड्यात सुंदर अक्षरात लावलेलं आहे. भाषा रोज, गणित रोज, खेळ, कला, कार्यानुभव सगळं आहे. चित्रकलेची तासिका पहिल्यांदा जाते, मग खेळाची, मग परिसर अभ्यासाची. मराठीवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की गावातल्या शाळेची मराठीची तासिका वाचवायलाही असंच एकत्र या.

हे वेळेचं नुकसान पुढे कुठे जातं, तेही आम्ही डोळ्यांनी बघतो आहोत. खालच्या गावातून पिवळी व्हॅन येते आणि इंग्रजी शाळेत मुलं नेते. वाडीतली काही घरं आता तिकडे फी भरतात. त्यांच्या आयांशी मी बोलले. इंग्रजीची ओढ आहे, नाही असं नाही. पण दोघी-तिघींनी जे सांगितलं ते माझ्या मनाला लागलं. त्या म्हणाल्या, “ताई, तिकडची मॅडम रोज वर्गात असते.” तिकडच्या मॅडम आमच्या बाईंपेक्षा कमी शिकलेल्या आहेत, पगार तर फारच कमी. पण त्यांना कोणी टेकडीवर पाठवत नाही. मुलं व्हॅनमध्ये चढली की आमचा पट घटतो. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद धोक्यात येतं. पद गेलं की उरलेला एक शिक्षक चार इयत्ता आणि सगळी रजिस्टरं घेऊन बसतो, आणि आणखी चार घरं व्हॅन शोधतात. शेवटी अहवालात लिहिलं जातं की पालकांची जिल्हा परिषदेच्या शाळेवरची श्रद्धा उडाली.

श्रद्धा उडालेली नाही. म्हणून तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, अशा गोष्टी २०२३ पासून ऐकू येतात तेव्हा वाडीत रात्री झोप लागत नाही. आमच्या भागात पाऊस कसा पडतो ते कळसूबाई-भंडारदऱ्याला आलेल्या कोणालाही सांगायला नको. ओढे भरले की मोठी माणसं थांबतात. सहा वर्षांच्या मुलीला तीन-चार किलोमीटरवरच्या शाळेत पाठवायचं म्हणजे जून ते सप्टेंबर ती घरीच राहणार, आणि मग मुलगी आहे म्हणून पुढेही. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा राज्याचाच नियम आहे. तो नियम करणाऱ्यांना हे माहीत असणार.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला दंड ठेवला. सगळ्या देशाला असा कायदा मिळायला फुल्यांच्या मागणीनंतर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. मी समितीच्या सभेत हे सांगते तेव्हा म्हाताऱ्या बायका ऐकत राहतात. त्यांच्यातल्या बहुतेकींनी शाळा आतून पहिल्यांदा बघितली ती नातवंडांमुळे. मुलं शाळेत पाठवायची जबाबदारी आमची होती, ती या वाडीने पार पाडली आहे. शाळेत गेलेल्या मुलाला शिक्षक भेटला पाहिजे, ही जबाबदारी तुमची.

आता शनिवारबद्दल सांगते. २०२४ मध्ये आपल्या खात्याने आनंददायी शनिवार आणला. शनिवारी सकाळची शाळा, दप्तर नाही. सुरुवातीला गावातले पुरुष म्हणाले, खेळायलाच पाठवायचं तर घरी काय वाईट? आता तेच येऊन बसतात. एका शनिवारी बाईंनी मुलांना घरातलं भाताचं बी आणायला सांगितलं. आंबेमोहोर, काळभात, जिरवेल, इंद्रायणी. पद्मश्री राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. कधी शाळेत जाता आलं नाही, तरी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. मुलांना त्यांचं नाव माहीत होतं, काम माहीत नव्हतं. त्या सकाळी प्रत्येक जातीचे दहा-दहा दाणे मांडले, लांबी सुतळीने मापली, वास घेतला, नावाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. एक आजी आल्या आणि कोणत्या खाचरात कोणता भात का लावतात ते त्यांनी सांगितलं. तिसरीच्या एका मुलाने “पण आमच्या खाचरात काळभात का येत नाही?” असं विचारलं आणि आजी, बाई आणि चार पोरं त्याच्या उत्तरावर अर्धा तास बोलत बसली. माती, पाणी, उतार, ऊन. परिसर अभ्यासाचं पुस्तक वर्षभरात जे मागतं त्यातलं कितीतरी त्या सकाळी झालं.

हे शनिवारी का होतं? शनिवारी तालुक्यातून निरोप कमी येतात. दोन्ही शिक्षक जागेवर असतात आणि त्यांच्या डोक्यात पुढची लिंक नसते. म्हणजे आमच्या शिक्षकांना काय येतं हे शनिवार दाखवून देतो. मला तेच मंगळवारी हवं आहे, गणिताला.

मग काय करता येईल, तर समितीत बसून आम्ही जे ठरवलं ते लिहिते. दोन शिक्षकांच्या शाळांसाठी वेगळा आदेश काढा. सोमवार ते शुक्रवार शाळेच्या वेळात यांतल्या कोणालाही बैठक, प्रशिक्षण, सर्वेक्षण यासाठी बोलावायचं नाही. प्रशिक्षण जूनमध्ये शाळा भरण्याआधी किंवा सुटीत घ्या आणि सुटीत घेतलंत तर त्या दिवसांची रजा त्यांच्या खात्यावर द्या. त्यांनाही घर आहे, त्यांच्या सुट्या फुकट खाऊन आमच्या मुलांचं भलं व्हावं असं आम्हाला वाटत नाही. निवडणुकीसारखं टळणारच नसेल तर बदली शिक्षक आधी पाठवा, मग इथला न्या. दर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, असा एक बदली शिक्षक हवाच. डी.एड. होऊन घरी बसलेली कितीतरी मुलं-मुली आमच्या तालुक्यात आहेत. कमी पटाच्या शाळांवर सेवानिवृत्त आणि कंत्राटी शिक्षक नेमायचं धोरण सरकारने २०२४ मध्ये आणलंच होतं. कायम शिक्षकाच्या जागी त्यांना बसवण्याऐवजी कायम शिक्षकाच्या रजेत, आजारपणात, कामात त्यांना उभं करा. मग आमची हरकत नाही, उलट स्वागत आहे.

आणि केंद्राला एक लेखनिक द्या. तो आठवड्यातून एक दिवस शाळेत येईल, रजिस्टरं समोर ठेवू, लागेल ती माहिती तो उतरवून घेईल आणि जिथे नेटवर्क आहे तिथे बसून भरेल. वरच्यांना आकडा लागतो हे मी समजू शकते. पोषण आहाराचा हिशेब कोणीतरी ठेवलाच पाहिजे, नाहीतर तांदळाला पाय फुटतात. पण तोच आकडा चार वेगवेगळ्या ठिकाणी, चार वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी ‘तात्काळ’ का लागावा? एकदा घ्या, आठवड्याने घ्या, आणि तुमच्या तुमच्यात वाटून घ्या.

एक गोष्ट आम्ही तुमच्या उत्तराची वाट न बघता करतो आहोत. आमच्या शाळेत मुलांची हजेरी रोज लिहिली जाते, तांदूळ ग्रॅममध्ये लिहिला जातो, पण प्रत्येक इयत्तेला आज किती तास शिकवलं गेलं हे कुठे लिहिलं जात नव्हतं. येत्या सोमवारपासून व्हरांड्यातल्या वेळापत्रकाशेजारी एक फळा लागेल. रोज दुपारी समितीतला एक पालक त्यावर लिहील: कोणत्या इयत्तेला किती तास शिकवणं झालं आणि तास बुडाला असेल तर कोणत्या कामासाठी. शिक्षकाचं नाव लिहायचं नाही, हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं, कारण हा फळा त्यांच्यावर पाळत ठेवायला नाही. बाई आणि गुरुजी दोघांनीही त्याला होकार दिला आहे. शुक्रवारी बेरीज होऊन वहीत उतरेल आणि महिन्याच्या सभेत ती वाचली जाईल. पहिल्या सत्राची सगळी पानं दिवाळीच्या सुटीत तुमच्याकडे पाठवीन. ती बघा आणि ज्या कामांनी सगळ्यात जास्त तास खाल्ले ती शाळेच्या वेळातून काढून टाका. बाकीच्या शाळांनाही असा फळा लावायला सांगितलंत तर कोणत्या कामाला कात्री लावायची याची यादी तुमच्या खात्याला आयती मिळेल.

कळावे,

आपली,
एक पालक आणि अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर